तळघरातला सूत्रधार

कागद, पेन्सिल, मूठभर फासे आणि चार मित्र एवढ्या सामग्रीवर गॅरी गायगॅक्स यांनी एक संपूर्ण नवा खेळप्रकार जगापुढे ठेवला. नवा खेळाडू टेबलाशी कसा येतो आणि कशाने दुरावतो, याचा धडा त्यांच्या आयुष्यात जागोजागी सापडतो.

उन्हाळ्याच्या सुटीतली दुपार. बाहेर ऊन रणरणत असते आणि वाशिम, कारंजा, रिसोड अशा गावांतल्या घरांत मुले माजघरात बसून चिठ्ठ्यांचा खेळ मांडतात. चार चिठ्ठ्या, एकीवर राजा, दुसरीवर प्रधान, तिसरीवर चोर, चौथीवर शिपाई. चिठ्ठ्या उधळल्या जातात, प्रत्येक जण एक उचलतो आणि क्षणभर तो खरोखरच राजा किंवा चोर होतो. शिपायाने चोर ओळखला की गुण लिहिले जातात आणि डाव संपतो. चोर कोणत्या वाटेने पळाला, शिपायाने त्याचा माग कसा काढला, राजाने त्याला शिक्षा दिली की अभय, हे कोणी विचारत नाही. हे प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे खेळणाऱ्यांनीच द्यायची ठरवली, तर मात्र एक निराळाच खेळ उभा राहतो.

असा खेळ 1974 मध्ये छापील नियमांसह बाजारात आला. त्याचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. पटावरच्या सोंगट्यांऐवजी माणसांच्या तोंडच्या गोष्टीवर चालणाऱ्या भूमिकाखेळांचा, म्हणजेच रोल-प्लेइंग गेमचा, हा पहिला प्रकाशित नमुना मानला जातो. त्याचा उगम कोणत्याही महानगरातल्या मोठ्या कंपनीत झाला नाही. पद्मतीर्थाच्या काठी वसलेल्या वाशिमप्रमाणेच पाण्याच्या काठी वसलेले, काही हजार वस्तीचे लेक जिनिव्हा हे अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातले गाव, तिथले एक साधे घर आणि त्या घराचे तळघर ही त्याची जन्मभूमी. मिनेसोटातले डेव्ह आर्नेसन आणि लेक जिनिव्हाचे गॅरी गायगॅक्स हे त्याचे दोन जनक. त्यांपैकी गायगॅक्स यांचे आयुष्य या खेळाशी अखेरच्या श्वासापर्यंत बांधले गेले.

गोष्टींचे घर

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स यांचा जन्म 27 जुलै 1938 रोजी शिकागो येथे झाला. वडील अर्न्स्ट हे स्वित्झर्लंडहून आलेले स्थलांतरित. ते व्हायोलिनवादक होते आणि शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात त्यांनी वादन केले होते. आई आल्मिना हिचे माहेर लेक जिनिव्हाचे. वडिलांना गोष्टी सांगण्याची हौस होती. जादूच्या अंगठ्या, इच्छा पूर्ण करणारे गूढ म्हातारे आणि शूर योद्धे यांच्या कथा ऐकत हा मुलगा मोठा झाला. आपल्याकडे आजीच्या कुशीत जे घडते, ते त्या घरात वडिलांच्या तोंडून घडत होते.

शिकागोतल्या गल्लीत मुलांच्या टोळ्यांमध्ये मारामाऱ्या होत. गॅरीही अशा एका मारामारीत सापडला. त्यानंतर 1946 मध्ये वडिलांनी शहर सोडले आणि कुटुंब लेक जिनिव्हाला येऊन राहिले. त्या वेळी तो आठ वर्षांचा होता. गावात सरोवर होते, रान होते आणि एक बंद पडलेली आरोग्यशाळा होती. तिच्याखालच्या भुयारी वाटांमध्ये ही मुले लपूनछपून शिरत. खेळातली अंधारी भुयारे पुढे जगभरच्या मुलांनी कल्पनेत पाहिली. त्यांच्या निर्मात्याने तसा अंधार लहानपणीच अनुभवला होता.

शालेय अभ्यासात त्याचे मन रमले नाही. स्वस्त मासिकांमधल्या अद्‌भुत कथा, रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स यांची पुस्तके, बुद्धिबळ, पत्ते आणि खेळण्यातले सैनिक हेच त्याचे विश्व. डॉन के हा बालमित्र या साऱ्यात त्याच्या सोबत असे. वडिलांच्या निधनानंतर शिक्षण अर्धवट राहिले. मरीन दलात तो भरती झाला, पण प्रकृतीने साथ न दिल्याने लवकरच परत आला. 1958 मध्ये मेरी जो पॉवेल यांच्याशी विवाह झाला. संसाराला पाच मुले झाली. उपजीविकेसाठी गायगॅक्स शिकागोतल्या एका विमा कंपनीत जोखीम तपासणारे अधिकारी म्हणून काम करू लागले. शक्यता आणि संभाव्यता यांचे गणित मांडणे हा त्या नोकरीचा गाभा. फाशांच्या खेळाचे नियम रचताना हे गणित त्यांच्या कामी आले.

तळघर उघडते

विवाहाच्याच वर्षी त्यांच्या हाती ‘गेटिसबर्ग’ नावाचा पटावरचा युद्धखेळ पडला. अमेरिकी यादवी युद्धातली एक प्रसिद्ध लढाई त्यात पुन्हा लढता येत असे. त्या खेळाने त्यांना झपाटले. पण एक अडचण होती. असे खेळ खेळणारे देशभर विखुरलेले होते आणि एका गावात दोन जण सापडले तरी भाग्य, अशी स्थिती होती. टपालाने एकेक चाल कळवून डाव खेळले जात. समोर माणूस बसलेला नसताना खेळण्यात गायगॅक्स यांचे समाधान होईना.

त्यांनी केलेला उपाय अत्यंत घरगुती होता. ओळखीच्या आणि केवळ पत्रांतून परिचित झालेल्या खेळाडूंना त्यांनी 1967 मध्ये आपल्या घरी बोलावले. सुमारे वीस जण आले. सेंटर स्ट्रीटवरच्या त्या घरात त्यांनी खेळाचा आनंद लुटला. पुढच्या वर्षी घर पुरणार नाही हे लक्षात आल्यावर गायगॅक्स यांनी गावातला हॉर्टिकल्चरल हॉल 50 डॉलर भाड्याने घेतला आणि जाहीर निमंत्रण दिले. 1968 च्या ऑगस्टमध्ये भरलेल्या त्या मेळाव्याला सुमारे शंभर माणसे जमली. ‘जेन कॉन’ या नावाने ओळखला जाणारा हा मेळावा तेव्हापासून चालत आला आहे.

दुसऱ्याच वर्षी, 1969 मध्ये, या मेळाव्यात मिनेसोटातला डेव्ह आर्नेसन हा तरुण त्यांना भेटला. जहाजांच्या लढायांच्या आवडीतून दोघांची मैत्री जुळली. दार उघडे ठेवले, की त्यातून कोण आत येईल हे सांगता येत नाही. गायगॅक्स यांच्या दारातून त्यांच्या आयुष्याला वळण देणारा माणूस आत आला होता.

याच सुमारास घरावर संकट आले. 1970 मध्ये विमा कंपनीतली नोकरी गेली. पाच मुलांचा संसार चालवण्यासाठी गायगॅक्स यांनी बूट दुरुस्तीची यंत्रे घेतली आणि ते काम घरीच तळघरात सुरू केले. त्याच तळघरात वाळूने भरलेले एक मोठे टेबल होते. त्यावर डोंगर, नद्या, किल्ले उभारून मित्रमंडळी लुटुपुटीची युद्धे लढत. जेफ पेरेन या मित्रासोबत त्यांनी मध्ययुगीन लढायांचे ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक तयार केले. ते 1971 मध्ये प्रकाशित झाले. त्याच्या अखेरीस एक छोटी पुरवणी होती आणि तीत जादूगार, राक्षस, ड्रॅगन यांना रणांगणात उतरवण्याची सोय होती. जुन्या धाटणीच्या काही युद्धखेळाडूंना हा पोरकटपणा वाटला. नव्या खेळाडूंना मात्र त्या काही पानांनीच खुणावले.

एका सेनापतीचा एक माणूस होतो

मिनेसोटात आर्नेसन आणि त्यांचे मित्र आणखी पुढे गेले होते. त्यांच्या वर्तुळातल्या डेव्हिड वेझली यांनी 1969 मध्ये एक अभिनव डाव मांडला होता. त्यात प्रत्येक खेळाडूला फौज न देता एका गावातल्या एकेका माणसाची भूमिका दिली गेली. आर्नेसन यांनी ही कल्पना ‘ब्लॅकमूर’ नावाच्या काल्पनिक मुलखात नेली. तिथे किल्ल्याखाली भुयारे होती, खेळाडूंची पात्रे डावामागून डाव जिवंत राहत आणि अनुभवाने मोठी होत.

1972 च्या अखेरीस आर्नेसन आणि डेव्हिड मेगॅरी हे लेक जिनिव्हाला आले. त्यांनी गायगॅक्स आणि त्यांच्या मित्रांना ब्लॅकमूरचा डाव खेळून दाखवला. समोर पट जवळजवळ नव्हताच. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग वर्णन करीत होता आणि बाकीचे आपापले पात्र काय करील ते सांगत होते. जिथे निकाल अनिश्चित, तिथे फासे पडत होते. या डावाची शक्ती गायगॅक्स यांनी तत्काळ ओळखली. आर्नेसन यांच्याकडून टिपणे मागवून ते टंकलेखन यंत्रासमोर बसले. आधी सुमारे 50 आणि मग सुमारे 150 पानांचा मसुदा तयार झाला.

त्याची पहिली परीक्षा घरातच झाली. थोरला मुलगा अर्नी आणि मुलगी एलिझ हे पहिले खेळाडू. वडील सूत्रधार. ‘ग्रेहॉक’ नावाच्या किल्ल्याखालच्या भुयारात मुले शिरली, विंचू आणि गोम यांच्याशी लढली आणि तांब्याच्या नाण्यांनी भरलेल्या एका पेटीपर्यंत पोहोचली. पेटी इतकी जड होती, की सारी नाणी उचलून नेणे शक्य नव्हते. मुले झोपायला गेल्यावर वडील पुन्हा टेबलाशी बसले आणि त्यांनी भुयाराचा दुसरा मजला रचायला घेतला. दुसऱ्या दिवशी डॉन के आणि शेजारचे कुंत्झ बंधू आले. पुढे रात्रीमागून रात्री नवी माणसे येऊ लागली. एकट्या सूत्रधाराला गर्दी आवरेना, तेव्हा रॉब कुंत्झ यांना दुसरे सूत्रधार व्हावे लागले.

या टेबलाशी बसण्यासाठी नियम पाठ असण्याची गरज नव्हती. नवख्याने फक्त आपण कोण आहोत हे ठरवायचे. बळ, बुद्धी, विवेक, चापल्य, काटकपणा आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव हे सहा गुण फाशांनी ठरायचे. मग सूत्रधार विचारणार, पुढे काय करतोस? या एका प्रश्नाचे उत्तर लहान मूलही देऊ शकते. बुद्धिबळात नवखा माणूस मुरलेल्या खेळाडूपुढे दहा चालींत गारद होतो. इथे मात्र मुरलेले आणि नवखे एकाच बाजूने लढत होते. जिंकण्यासाठी कोणाला तरी हरवावेच लागते, हा नियमच या खेळाने काढून टाकला. नवे खेळाडू त्याकडे ओढले गेले, त्यामागचे खरे कारण हेच होते.

एक हजार पेट्या

प्रकाशकांना हे पटले नाही. पट नाही, जिंकणारा नाही, शेवट नाही, अशा वस्तूला खेळ म्हणावे तरी कसे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. अखेरीस गायगॅक्स आणि डॉन के यांनी 1973 च्या ऑक्टोबरमध्ये स्वतःच ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ ही भागीदारी उभी केली. दोघांनी मिळून जमवलेली पुंजी तुटपुंजी होती. ब्रायन ब्लूम हे तिसरे भागीदार पैसे घेऊन आले, तेव्हा छपाई शक्य झाली. जानेवारी 1974 मध्ये तीन छोट्या पुस्तिका असलेली पेटी विक्रीस आली. किंमत दहा डॉलर. प्रती एक हजार. पेट्या घरच्या घरी हातांनी भरल्या गेल्या.

वर्षभराच्या आत त्या संपल्या. त्यांची मोठी जाहिरात झाली नव्हती. एक जण खेळ विकत घेई, चार-पाच मित्रांना बसवून तो खेळवी आणि त्यांतल्या एखाद्याला स्वतः सूत्रधार व्हावेसे वाटे. मग तो आपला नवा गट जमवी. विद्यापीठांच्या वसतिगृहांतून, विज्ञानकथाप्रेमींच्या संमेलनांतून आणि लष्करी तळांवरून हा खेळ असाच पसरला. ज्यांना पेटी परवडत नव्हती किंवा मिळत नव्हती, त्यांच्यात पुस्तिकांच्या छायाप्रती फिरू लागल्या. त्या पुस्तिकांची मांडणी विस्कळीत होती आणि अनेक नियम अर्धेमुर्धे होते. पण नियम ही केवळ दिशा असून प्रत्येक गटाने आपली भर घालावी, असे मोकळे आवाहन त्यांत होते.

यशाचे पहिले वर्ष संपते न संपते तोच आघात झाला. 31 जानेवारी 1975 रोजी डॉन के यांचे हृदयविकाराने निधन झाले. वय अवघे 36 वर्षे. मित्राच्या जाण्याने भागीदारीची घडी विस्कटली. नवी कंपनी उभी राहिली, ब्लूम कुटुंबाने भांडवल घातले आणि मालकीचा मोठा वाटा त्यांच्याकडे गेला. आपणच निर्माण केलेल्या कंपनीत गायगॅक्स अल्पमतात आले. त्या वेळी याचे गांभीर्य कोणाला फारसे जाणवले नाही.

नवख्यांसाठी पायरी

खेळ जसा पसरला, तशी एक अडचण वाढत गेली. ज्याला प्रत्यक्ष खेळवणारा कोणी भेटला नाही, त्याला त्या पुस्तिकांमधून खेळ समजणे जवळजवळ अशक्य होते. एरिक होम्स हे मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक या खेळाचे चाहते होते. नवशिक्यांसाठी सोपी आवृत्ती लिहिण्याची तयारी त्यांनी आपणहून दर्शवली. त्यातून 1977 मध्ये पहिला ‘बेसिक सेट’ आला. पुढे टॉम मोल्डवे यांनी 1981 मध्ये आणि फ्रँक मेन्टझर यांनी 1983 मध्ये तो अधिक सुबोध केला. मेन्टझर यांच्या लाल पेटीत वाचकाला एकट्यानेच एक छोटे साहस खेळून पाहण्याची सोय होती. नियम वाचता वाचता माणूस खेळू लागे.

गायगॅक्स यांनी स्वतः या पेटीसाठी ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हे साहस रचले. राज्याच्या सीमेवरची एक गढी आणि जवळच दैत्यांनी भरलेल्या गुहा, एवढीच त्याची मांडणी. दमलेल्या खेळाडूंनी गढीत परतावे, जखमा भरून काढाव्यात आणि पुन्हा निघावे. नव्या सूत्रधाराने डाव कसा चालवावा, याचे मार्गदर्शनही त्यात होते. बेसिक सेटच्या पेटीतून हे साहस घरोघरी गेले आणि असंख्य खेळाडूंची पहिली पावले त्या गढीच्या दारात पडली. 1979 च्या सूत्रधारांसाठीच्या मार्गदर्शक ग्रंथाला गायगॅक्स यांनी आपल्या आवडत्या लेखकांची आणि पुस्तकांची एक यादी जोडली. ती वाचून कित्येक मुले ग्रंथालयाकडे वळली.

याच वर्षी एक अनपेक्षित वादळ उठले. मिशिगनमधल्या एका विद्यापीठातला एक किशोरवयीन विद्यार्थी बेपत्ता झाला. त्याचा शोध घेणाऱ्या खासगी गुप्तहेराने या खेळाचा संबंध जोडला आणि वृत्तपत्रांनी ती कल्पना उचलून धरली. त्याच्या नाहीशा होण्याशी खेळाचा संबंध नव्हता, हे नंतर स्पष्ट झाले. पण संशयाचे बीज पेरले गेले होते. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या काही धार्मिक आणि पालक संघटनांनी हा खेळ मुलांना सैतानी मार्गाला नेतो, असा प्रचार केला. गायगॅक्स यांना दूरचित्रवाणीवर येऊन खुलासे करावे लागले, धमक्यांना तोंड द्यावे लागले. नवलाची गोष्ट अशी, की या गदारोळामुळे खेळाचे नाव घराघरांत पोहोचले आणि विक्री झपाट्याने वाढली. ज्या मुलांना खेळायला मनाई झाली, त्यांचे कुतूहल अधिकच चाळवले गेले.

कुंपण

लोकप्रियतेच्या या शिखरावर गायगॅक्स यांच्या वृत्तीत एक बदल झाला. 1977 ते 1979 या काळात त्यांनी ‘ॲडव्हान्स्ड’ नावाने विस्तृत नियमग्रंथ लिहिले. त्यांत पूर्वीचा मोकळेपणा कमी आणि एकसूत्रीपणाचा आग्रह अधिक होता. देशभरच्या स्पर्धांसाठी नियम सर्वत्र सारखे हवेत, हा त्यामागचा युक्तिवाद. पण आपल्या मर्जीने नियम बदलणारे खरा खेळ खेळतच नाहीत, अशा आशयाची भूमिका ते नियतकालिकांतून मांडू लागले. जो खेळ प्रत्येकाला भर घालायला सांगत आला होता, त्याच्याभोवती आता कुंपण उभे राहत होते.

कुंपणाची झळ मित्रांनाही बसली. नव्या ग्रंथांच्या मानधनावरून आर्नेसन यांनी 1979 मध्ये दावा दाखल केला आणि 1981 मध्ये तडजोड झाली. खेळाचे दोन जनक न्यायालयात समोरासमोर आले, ही या कथेतली सर्वांत दुःखद घटना. कल्पनेचे बीज आर्नेसन यांचे आणि त्याला ग्रंथरूप व प्रसार देण्याचे श्रम गायगॅक्स यांचे, हे आज बहुतेक अभ्यासक मान्य करतात. त्या वेळी मात्र श्रेयाची वाटणी टेबलावर न होता वकिलांच्या कचेरीत झाली.

आणखी एका बाबतीत गायगॅक्स यांची दृष्टी अपुरी पडली. स्त्रियांना अशा खेळांत मुळातच कमी रस असतो, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी उत्तरायुष्यातही उघडपणे मांडले. या खेळाच्या पहिल्यावहिल्या दोन खेळाडूंत त्यांचीच मुलगी होती, या वस्तुस्थितीशी ते मत विसंगत होते. जगभर मोठ्या संख्येने टेबलाशी बसणाऱ्या मुली आणि स्त्रिया यांनी ते खोटे ठरवले आहे.

1983 मध्ये पहिला विवाह संपुष्टात आला. त्याच सुमारास गायगॅक्स हॉलिवूडला गेले. 1983 ते 1985 या काळात खेळावर आधारलेली व्यंगचित्रमालिका अमेरिकेत प्रसारित झाली आणि लहान मुलांचा एक नवा वर्ग खेळाकडे वळला. पण इकडे लेक जिनिव्हात कंपनी कर्जात बुडत होती. परतून त्यांनी कारभार हाती घेतला, नवी पुस्तके आणली, घडी बसवण्याचा प्रयत्न केला. 1985 च्या ऑक्टोबरमध्ये ब्लूम बंधूंनी आपले भाग लोरेन विल्यम्स यांना विकले आणि नियंत्रण त्यांच्याकडे गेले. विल्यम्स यांना व्यवस्थापनासाठी गायगॅक्स यांनीच कंपनीत आणले होते. न्यायालयातही त्यांना अपयश आले आणि 1986 मध्ये त्यांनी कंपनी सोडली. तळघरातून सुरू झालेला व्यवसाय आता त्यांच्यासाठी परका झाला होता.

पुन्हा टेबलापाशी

पुढली वर्षे खडतर होती. 1987 मध्ये गेल कार्पेंटर यांच्याशी त्यांनी दुसरा विवाह केला. कादंबऱ्या लिहिल्या, नवे खेळ रचले. 1992 मध्ये आलेल्या ‘डेंजरस जर्नीज’ या त्यांच्या खेळावर जुन्या कंपनीने दावा ठोकला आणि तो खेळ बाजारातून नाहीसा झाला. पण ज्या कंपनीने त्यांना दूर केले, तिचीही स्थिती ढासळत गेली. 1997 मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने तिला विकत घेतले. नव्या मालकांनी गायगॅक्स यांच्याशी पुन्हा संबंध जोडले.

2000 साली खेळाची तिसरी आवृत्ती आली. तिच्यासोबत एक महत्त्वाचा निर्णयही आला. खेळाचे मूळ नियम खुल्या परवान्याखाली इतरांना वापरू देण्यात आले. कोणीही त्या नियमांवर आपले साहस लिहून प्रकाशित करू शकत होता. 1974 च्या पुस्तिकांमधले मोकळे आवाहन जणू कायदेशीर भाषेत परत आले. 2023 मध्ये कंपनीने हा परवाना आवळण्याचा घाट घातला, तेव्हा खेळाडूंनी इतका तीव्र विरोध केला, की कंपनीला माघार घ्यावी लागली. मूळ नियमांचा मोठा भाग अधिकच खुल्या परवान्याखाली द्यावा लागला. कुंपण घातले की माणसे दुरावतात आणि दार उघडले की परततात, हा धडा खेळाडूंनी कंपनीला नव्याने दिला.

गायगॅक्स हा अखेरचा संघर्ष पाहायला उरले नव्हते. 2004 मध्ये त्यांना पक्षाघाताचे झटके आले. प्रकृती खालावली, तरी लेक जिनिव्हातल्या आपल्या घरी ते खेळाडूंचे स्वागत करीत राहिले. दूरदूरहून येणाऱ्या अनोळखी माणसांसाठीही ते सूत्रधार होऊन बसत. 4 मार्च 2008 रोजी, वयाच्या 69 व्या वर्षी, त्याच गावात त्यांचे निधन झाले. अंत्यविधीनंतर कुटुंबीय आणि मित्र गावातल्या एका सभागृहात जमले. शोकसभेचे रूपांतर पाहता पाहता खेळाच्या डावांत झाले. फासे निघाले, टेबले लागली, आठवणींना आणि गोष्टींना सुरुवात झाली. पुढच्या वर्षापासून त्याच भेटीचा ‘गॅरी कॉन’ हा वार्षिक मेळावा झाला. एप्रिल 2009 मध्ये आर्नेसनही गेले.

हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये शंभर माणसांनी सुरू झालेला जेन कॉन आता इंडियानापोलिस शहरात भरतो आणि त्याला साठ हजारांहून अधिक माणसे येतात. 2014 मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीबरोबर प्राथमिक नियम विनामूल्य देण्यात आले. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या 2016 च्या मालिकेत चार मुले तळघरात हाच खेळ खेळताना दिसली आणि नव्या पिढीने फासे हाती घेतले. 2024 मध्ये, खेळाच्या पन्नाशीला, अमेरिकी टपाल खात्याने त्याच्यावर तिकिटे काढली. ज्या खेळाला एकेकाळी सैतानी ठरवले गेले, त्याचा हा शासकीय गौरव होता.

वत्सगुल्माच्या वेशीवर

मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या बोर्ड गेम कॅफेंमध्ये हा खेळ आता अपरिचित नाही. लहान गावांत मात्र तो क्वचितच पोहोचला आहे. इंग्रजी भाषा, परदेशी राक्षस आणि महागडी पुस्तके यांच्या धाकाने मुले बिचकतात, यात आश्चर्य नाही. तथापि गायगॅक्स यांच्या आयुष्याकडे नीट पाहिले, तर हा धाक अनाठायी ठरतो. त्यांनी पहिला डाव आपल्याच मुलांसोबत, आपल्याच घरात, हाताने काढलेल्या नकाशावर मांडला होता. पात्रे त्यांना आवडणाऱ्या पुस्तकांतून आली होती आणि अंधार आपल्याच गावातल्या भुयारांतून.

वाशिमच्या मुलांकडे असे साहित्य कमी नाही. प्राचीन वत्सगुल्म ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथल्या हरिषेण राजाच्या वराहदेव या मंत्र्याने अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. दानासाठी निघालेले धन, वाटेतले अरण्य, शिल्पकारांचा तांडा, मागावर असलेले दरोडेखोर, एवढ्या आधारावर सूत्रधार एक संपूर्ण सुटी रंगवू शकतो. राजा, प्रधान, चोर आणि शिपाई या चिठ्ठ्या तर प्रत्येक घरात तयार आहेतच. त्या उघडून झाल्यावर गुण लिहिण्याऐवजी एकाने चोराला विचारायचे, की आता पुढे काय करतोस? आणि दारात उभे राहून बघणाऱ्या पाचव्या मुलालाही आत बोलावून एक चिठ्ठी द्यायची.